केदार-बद्रीला निघण्यापूर्वी : विरळ हवेतील यात्रेची आरोग्यतयारी

अक्षय्य तृतीयेला यमुनोत्री आणि गंगोत्रीची कपाटे उघडतात. पाठोपाठ केदारनाथ व बद्रीनाथ यांचीही दारे भाविकांसाठी खुली होतात आणि दिवाळीच्या सुमारास बर्फाची चाहूल लागेपर्यंत उत्तराखंडच्या वाटा माणसांनी फुलून जातात. या गर्दीत महाराष्ट्रातील ज्येष्ठ यात्रेकरूंची संख्या लक्षणीय असते. मुलांचे संसार मार्गी लागले, निवृत्तिवेतन सुरू झाले, आता एकदा केदार-बद्री घडावी, ही आपल्याकडील असंख्य आईवडिलांची मनापासूनची इच्छा असते. त्याच घरातील मुलासुनांच्या मनात मात्र धास्ती असते : बाबांचा रक्तदाब, आईचे गुडघे, डोंगरातली थंडी आणि विरळ हवा.

इच्छा खरी आहे आणि धास्तीही निराधार नाही. ‘देवाच्या दारी काही होत नाही’ असे म्हणून धास्ती उडवून लावणे योग्य नव्हे, तसेच ‘या वयात कशाला?’ असे म्हणून इच्छा मोडून काढणेही योग्य नव्हे. या दोहोंच्या मध्ये एक मार्ग आहे, तो पूर्वतयारीचा. ही तयारी दोन-अडीच महिने आधी सुरू व्हावी लागते आणि ती घरातील सर्वांनी मिळून करावयाची असते.

उंचीवर नेमके काय बदलते?

उंचावर ‘प्राणवायू कमी असतो’ असे आपण सहज म्हणतो. वास्तविक हवेतील प्राणवायूचे प्रमाण मुंबईत जितके, तितकेच केदारनाथलाही असते, म्हणजे सुमारे २१ टक्के. बदलतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला हा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका असतो. केदारनाथ समुद्रसपाटीपासून ३५८३ मीटर उंचीवर आहे आणि तेथे तो सुमारे दोन-तृतीयांशावर येतो. दाब घटला की हवा विरळ होते आणि प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसात जाणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. मुंबईत तीन श्वासांत जितका प्राणवायू मिळतो, तितका मिळवण्यासाठी केदारनाथला साडेचार श्वास घ्यावे लागतात, असा ढोबळ हिशेब मांडता येईल.

शरीर या तुटीशी जुळवून घेऊ शकते. श्वास जलद व खोल होतो, नाडी वाढते, मूत्रपिंडे रक्तातील आम्ल-अल्कलीचा तोल सावरू लागतात. मात्र या जुळवणीला काही तास नव्हे, तर काही दिवस लागतात. तेवढा अवधी न देता माणूस भराभर वर चढला की विरळ हवेचा आजार उद्भवतो. साधारणतः २५०० मीटरच्या वर त्याची शक्यता सुरू होते. चारही धामे या रेषेच्या वरच आहेत : बद्रीनाथ आणि गंगोत्री ३१०० मीटरच्या आसपास, यमुनोत्री सुमारे ३३०० मीटर आणि केदारनाथ सर्वांत उंच.

या आजाराविषयीच्या वैद्यकीय ज्ञानात भारतीय सैन्यातील डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. १९६२च्या युद्धकाळात सपाटीवरील जवानांना अत्यंत घाईने हिमालयाच्या उंचीवर न्यावे लागले आणि अनेक धडधाकट तरुण तेथे अचानक आजारी पडले. इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९ मध्ये या आजाराचे जे वर्णन प्रसिद्ध केले, ते आजही प्रमाण मानले जाते. त्यातून मिळणारा धडा यात्रेकरूंनाही लागू पडतो : शरीर कितीही कणखर असले, तरी घाईने चढणाऱ्याला उंची माफ करीत नाही.

म्हणूनच कुटुंबांनी दोन गैरसमज दूर सारावेत. पहिला असा, की हा आजार म्हाताऱ्यांनाच होतो. केवळ वय वाढल्यामुळे विरळ हवेचा आजार अधिक होतो, असे आढळत नाही. उलट तरुण मंडळी दमदारपणाच्या भरवशावर वेगाने चढतात आणि आजारी पडतात. ज्येष्ठांचा धोका वेगळ्या दिशेने येतो. हृदय, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे यांची राखीव ताकद वयानुसार कमी झालेली असते आणि जुन्या आजारांवर विरळ हवेचा ताण पडतो. दुसरा गैरसमज असा, की रोज व्यायाम करणाऱ्याला काही होत नाही. व्यायामाने दम वाढतो, चढण सोपी जाते. परंतु विरळ हवेशी जुळवून घेण्याची क्रिया व्यायामाने लवकर घडत नाही. तिला वेळच द्यावा लागतो.

निघण्यापूर्वी दोन महिने : वैद्यकीय तपासणी

तिकिटे काढण्याच्या आधी डॉक्टरांची भेट घ्यावी. अनेक घरांत हा क्रम उलटा होतो. आरक्षण झालेले असते, पैसे भरलेले असतात आणि मग डॉक्टरांकडून केवळ ‘हो’ ऐकण्याची अपेक्षा असते. यात्रेला निदान सहा ते आठ आठवडे असताना आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना पूर्ण कार्यक्रम दाखवावा. कोणत्या दिवशी किती उंचीवर मुक्काम आहे, किती चालायचे आहे, हे कागदावर लिहून न्यावे. रक्तदाब, हृदयाचा आलेख, हिमोग्लोबिन, रक्तशर्करा, मूत्रपिंडाचे कार्य या प्राथमिक तपासण्या होत. हृदयविकाराचा पूर्वेतिहास असल्यास इको किंवा चालत्या पट्ट्यावरील चाचणी करावी की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

काही परिस्थितींत यात्रा पुढे ढकलणे किंवा उंचीचा भाग वगळणे हाच सुज्ञपणा ठरतो. गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेला असणे, थोड्या श्रमानेही छातीत दुखणे, हृदयाची शक्ती क्षीण झाल्याने पायांवर सूज येणे, घरीही प्राणवायू लावावा लागेल इतका फुप्फुसांचा जुनाट विकार, फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा वाढलेला दाब, तीव्र रक्तक्षय आणि औषधे घेऊनही आटोक्यात नसलेला रक्तदाब, या त्या परिस्थिती होत. निघायच्या आठवड्यात ताप, खोकला किंवा छातीत कफ असेल, तर तो पूर्ण बरा होईपर्यंत थांबावे. श्वसनमार्गाचा संसर्ग घेऊन उंचीवर गेल्यास फुप्फुसात पाणी साठण्याचा धोका वाढतो.

याउलट औषधांनी नियंत्रणात असलेला रक्तदाब, आटोक्यातला मधुमेह किंवा काही वर्षांपूर्वी यशस्वी झालेली हृदयशस्त्रक्रिया एवढ्या कारणाने कोणाला घरी बसवण्याची गरज नसते. मात्र पुढील गोष्टी डॉक्टरांशी स्पष्टपणे बोलून घ्याव्यात.

*रक्तदाब :* उंचीवरच्या पहिल्या काही दिवसांत तो वाढू शकतो. घरचे यंत्र बरोबर न्यावे आणि कोणत्या आकड्यानंतर औषधात काय बदल करायचा, ते लेखी घ्यावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर अंगातील पाणी आणि क्षार कमी होण्याकडे विशेष लक्ष हवे.

*मधुमेह :* चालणे वाढते, भूक मंदावते. त्यामुळे साखर एकाएकी उतरू शकते. इन्सुलिन गोठले की निकामी होते. ते सामानाच्या बॅगेत न ठेवता अंगावरील कपड्यांच्या आतल्या खिशात ठेवावे. कडाक्याच्या थंडीत साखर मोजण्याचे यंत्रही चुकीचा आकडा दाखवू शकते, तेव्हा तेही उबेत ठेवावे.

*दमा व श्वसनविकार :* नेहमीचा पंप आणि एक जादा पंप, दोन्ही हाताशी हवेत. थंड, कोरडी हवा आणि धूळ यांमुळे दमा उफाळतो. नाकातोंडावर सुती रुमाल किंवा मफलर गुंडाळल्यास आराम पडतो.

*झोपेची औषधे :* झोपेच्या गोळ्या आणि मद्य श्वासाची गती मंदावतात. उंचीवर ती दोन्ही टाळावीत. नियमित गोळी घेणाऱ्यांनी ती मनाने बंद न करता आधी सल्ला घ्यावा.

विरळ हवेच्या आजारापासून बचाव म्हणून ॲसेटाझोलामाइड हे औषध वापरले जाते. ‘डायमॉक्स’ या नावाने ते अनेकांना परिचित आहे. उंचीवर जाण्याच्या आदल्या दिवसापासून ते सुरू करतात. त्याने श्वास वाढतो आणि शरीराच्या जुळवणीला मदत होते. मात्र ते सर्वांसाठी नाही. सल्फा औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार, पोटॅशियम कमी असणे किंवा रोजची ॲस्पिरिन, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. या औषधाने बोटांना मुंग्या येतात आणि वारंवार लघवीला जावे लागते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांना ही बाब आधी ठाऊक असलेली बरी. सहप्रवाशाने दिलेली गोळी त्याच्या सांगण्यावरून कधीही घेऊ नये.

शरीराची तयारी

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे आपल्या राज्यात विरळ हवेचा सराव देणारे एकही ठिकाण नाही. येथे सराव करायचा तो पायांचा, दमाचा आणि तोलाचा.

दहा-बारा आठवडे हाताशी असतील, तर आरंभी रोज अर्धा तास सपाटीवर चालावे. चालताना दोन वाक्ये सलग बोलता यावीत, एवढाच वेग ठेवावा. दर आठवड्याला पाच-दहा मिनिटे वाढवीत तासा-सव्वा तासापर्यंत जावे. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून चढाची भर घालावी. पुण्यातील मंडळींना पर्वतीच्या पायऱ्या आहेत, अन्य गावांत एखादी टेकडी किंवा इमारतीचा जिना पुरेसा आहे. शेवटच्या महिन्यात पाठीवर दोन-तीन किलोची पिशवी घेऊन चढउतार करावी.

उतरण्याचा सराव बहुतेक जण विसरतात. दम चढताना लागतो, परंतु गुडघे दुखतात आणि पाय घसरतो तो उतरताना. खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे आणि भिंतीजवळ एका पायावर तोल सांभाळणे, हे तीन साधे व्यायाम मांड्यांना बळ देतात व पडण्याची भीती कमी करतात. काठीची सवयही घरीच करावी. नवे बूट यात्रेत प्रथमच घालू नयेत. किमान महिनाभर वापरून ते पायांना सरावलेले असावेत.

या सरावाचा आणखी एक उपयोग आहे. आठ-दहा आठवड्यांनंतरही दोन मजले चढताना थांबावे लागत असेल, छातीत जडपणा येत असेल किंवा डोके हलके होत असेल, तर ती माहिती केदारनाथच्या वाटेवर मिळण्यापेक्षा घराच्या जिन्यावर मिळालेली केव्हाही चांगली.

कार्यक्रम आखताना

साधारण नियम असा, की ३००० मीटरच्या वर गेल्यानंतर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस ठेवावा. केदारनाथची वाट हा नियम सहज मोडायला लावते. गौरीकुंड सुमारे १९८० मीटरवर आहे आणि तेथून मंदिरापर्यंतची सुमारे १६ किलोमीटरची चढण यात्रेकरूला एका दिवसात १६०० मीटर वर नेते. म्हणूनच त्याआधीचे दिवस विचाराने आखावे लागतात.

हरिद्वार किंवा ऋषीकेशला पोहोचल्यावर एक दिवस प्रवासाचा शीण जाऊ द्यावा. पुढील मुक्काम गुप्तकाशी किंवा उखीमठ परिसरात, म्हणजे १३०० मीटरच्या आसपास करावा आणि तेथे दोन रात्री राहावे. मधल्या दिवशी गाडीने चोपत्यापर्यंत जावे. ते २६०० मीटरच्या वर आहे. तेथे दोन-तीन तास हळूहळू फिरून रात्री पुन्हा खाली यावे. दिवसा उंच जाणे आणि रात्री खाली झोपणे हा शरीराला सवय लावण्याचा उत्तम मार्ग आहे. त्यानंतर सोनप्रयाग किंवा गौरीकुंड येथे एक रात्र काढून पहाटे निघावे. शक्य असल्यास चढण दोन दिवसांत विभागून वाटेत लिंचोलीला मुक्काम करावा. वर दर्शन झाल्यावर रेंगाळू नये; दुपारपूर्वी उतरणीला लागावे.

हेलिकॉप्टरविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. गुडघ्यांच्या दृष्टीने ती मोठी सोय आहे, यात शंका नाही. परंतु फाटा किंवा सिरसीहून निघालेले हेलिकॉप्टर काही मिनिटांत माणसाला दोन हजार मीटर वर नेऊन ठेवते. चालणाऱ्याला जो दिवस मिळतो, तोही येथे मिळत नाही. हेलिकॉप्टरने पायांचे श्रम वाचतात. फुप्फुसांवरील ताण वाचत नाही. तेव्हा अशा यात्रेकरूंनी आधी गुप्तकाशी परिसरात दोन रात्री काढणे, वर उतरल्यावर अर्धा तास शांत बसणे, सावकाश चालणे आणि शक्यतो त्याच दिवशी परतणे हिताचे. हवामान बिघडले की उड्डाणे थांबतात. त्यामुळे त्याच दिवशी परतायचे असले, तरी एक दिवसाची औषधे व उबदार कपडे बरोबर असलेच पाहिजेत.

हाच विचार लेहला विमानाने जाणाऱ्यांनाही लागू आहे. सकाळी मुंबईच्या समुद्रकाठी असलेला माणूस दुपारी ३५०० मीटरवर असतो. तेथे पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. खारदुंग-ला किंवा पँगाँग सरोवराचा विचार त्यानंतर करावा.

ऋतूची निवडही आरोग्याशी निगडित आहे. मे-जूनमध्ये गर्दी दाट असते आणि रांगेत तासन् तास थंडीत उभे राहावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात, वाटा निसरड्या होतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ बहुधा स्वच्छ आकाशाचा आणि कमी गर्दीचा असतो. थंडी मात्र अधिक असते. यात्रेसाठी शासकीय नोंदणी अनिवार्य आहे. नोंदणी करताना जुने आजार लपवू नयेत.

वाटेवरील दिनचर्या

ऋषीकेशच्या पुढे घाटरस्त्यावर आठ-दहा तासांचा प्रवास होतो. दर दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटे चालावे. सलग बसल्याने पायांतील रक्त साकळण्याचा धोका असतो. घाटात होणारी मळमळ गाडी थांबल्यावर तासा-दोन तासांत ओसरते. मुक्कामी पोहोचून विश्रांती घेतल्यावरही ती टिकली व सोबत डोके दुखत राहिले, तर उंचीचा विचार करावा.

पाण्याबाबत ज्येष्ठांची, विशेषतः आजीमंडळींची, एक सवय घातक ठरते. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, या संकोचाने त्या पाणीच पीत नाहीत. उंचीवरील कोरडी हवा प्रत्येक श्वासाबरोबर शरीरातले पाणी ओढून घेत असते. दर अर्ध्या तासाला दोन-चार घोट कोमट पाणी घ्यावे. लघवीचा रंग फिकट पिवळा असणे ही पुरेशी खूण. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेले माप पाळावे. सोबत्यांनीही ‘पाणी कमी पी’ असे सुचवू नये, उलट जागोजागी थांबण्याची व्यवस्था आपणहून करावी.

उंचीवर भूक मंदावते आणि पचन सावकाश होते. एका वेळी पोटभर जेवण्यापेक्षा थोडे थोडे, चार-पाच वेळा खावे. मऊ भात, वरण, खिचडी, सूप उत्तम. घरून राजगिऱ्याचे लाडू, खजूर, गूळ-शेंगदाणे, मेतकूट, भाजलेले पोहे न्यावेत. तळलेले पदार्थ कमी करावेत. दर्शनापूर्वी निर्जळी उपवास करण्याची अनेकांची श्रद्धा असते. परंतु सोळा किलोमीटरची चढण, मधुमेहाची गोळी आणि रिकामे पोट यांची गाठ पडणे धोक्याचे आहे. उपवास करायचाच असेल, तर तो घरी परतल्यावर करावा.

तप्तकुंडातील स्नानाविषयीही सावधगिरी हवी. यमुनोत्रीला आणि बद्रीनाथला गरम पाण्याचे झरे आहेत. थंडीतून एकदम कढत पाण्यात उतरल्यावर रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि बाहेर येताना भोवळ येऊ शकते. ज्येष्ठांनी आधी हातपाय भिजवावेत, पाण्यात दोन-तीन मिनिटांहून अधिक थांबू नये आणि बाहेर येताना कोणाचा तरी हात धरावा. लगेच अंग कोरडे करून लोकरीचे कपडे घालावेत.

कपडे एक जाड घालण्यापेक्षा तीन थरांत घालावेत : आत घाम शोषून चटकन सुकणारा, मध्ये लोकरीचा, वर वारा-पाऊस अडवणारा. सुती बनियन घामाने भिजली की अंगावर गारवा धरून ठेवते. कानटोपी, हातमोजे आणि मोज्यांचे दोन-तीन जादा जोड अत्यावश्यक. उंचीबरोबर सूर्याची अतिनील किरणेही तीव्र होतात. गडद चष्मा आणि ओठांना लावायचे मलम विसरू नये. रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी कदापि ठेवू नये. तिच्यातून निघणारा विषारी वायू झोपेतच प्राण घेतो. उबेसाठी गरम पाण्याची पिशवी पुरेशी आहे.

कापूर, डबे आणि बोटावरचे यंत्र

वाटेवर कापराच्या पुड्या विकल्या जातात आणि त्या हुंगल्याने प्राणवायू वाढतो, असा समज रूढ आहे. कापराने नाकात थंडावा जाणवतो, श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. रक्तातील प्राणवायू मात्र वाढत नाही. कापूर पोटात गेल्यास आकडी येऊ शकते, म्हणून तो कधीही खाऊ नये.

प्राणवायूचे छोटे डबेही अनेक जण विश्वासाने बाळगतात. दहा लिटरचा डबा मिनिटाला दोन लिटर या वेगाने वापरला, तर पाच मिनिटांत रिता होतो. खाली उतरायला सुरुवात करताना तो तात्पुरता आधार देईल. उतरण्याला पर्याय ठरणार नाही.

बोटावर लावायचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र उपयोगी आहे, परंतु त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. घरी ९७ दाखवणारे यंत्र साडेतीन हजार मीटरवर निरोगी माणसातही ८५ ते ९० च्या आसपास दाखवू शकते. गार पडलेल्या बोटावर ते आणखी कमी दाखवते. म्हणून बोट चोळून ऊब आणावी, पाच मिनिटे बसल्यावर मोजावे आणि सोबतच्या इतरांच्या आकड्यांशी तुलना करावी. सर्वांचे ८८ असताना एकाचेच ७५ असेल, तर काळजी करावी. आकडा चांगला आणि माणूस आजारी दिसत असेल, तर माणसावर विश्वास ठेवावा, यंत्रावर नव्हे.

सोबत्यांनी ओळखायच्या खुणा

उंचीवर डोके दुखणे आणि त्यासोबत मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे किंवा चक्कर येणे, हा विरळ हवेचा सौम्य आजार समजावा. अशा वेळी आणखी वर जाऊ नये. विश्रांती, पाणी आणि डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल, एवढ्याने एका दिवसात बहुतेकांना बरे वाटते. नाही वाटले, तर खाली उतरावे.

दोन अवस्था मात्र प्राणावर बेतणाऱ्या आहेत. पहिली, फुप्फुसात पाणी साठणे. बसल्या जागीही धाप लागते, खोकला सुरू होतो, ओठ व नखे निळसर होतात, पुढे फेसाळ किंवा गुलाबी कफ पडतो. दुसरी, मेंदूला सूज येणे. माणूस असंबद्ध बोलतो, गुंगीत जातो, चालताना झोकांड्या खातो. सरळ रेषेत टाचेला बोट लावून दहा पावले चालायला सांगावे; ज्याला खाली नीट चालता येत होते, त्याला वर ते जमले नाही, तर तो धोक्याचा इशारा समजावा. स्मृतिभ्रंश असलेल्या ज्येष्ठांमध्ये हा गोंधळ ‘नेहमीचाच’ समजला जाण्याची भीती असते. त्यामुळे त्यांचे नेहमीचे वागणे ठाऊक असलेली व्यक्तीच सोबत असावी.

या दोन्ही अवस्थांत सकाळ होण्याची वाट पाहू नये. जवळच्या वैद्यकीय केंद्रात प्राणवायू लावून घ्यावा आणि लगेच खाली उतरवण्याची व्यवस्था करावी. आजाऱ्याला चालवू नये; डोली, स्ट्रेचर, जे मिळेल त्यातून न्यावे. आणीबाणीसाठी १०८ आणि ११२ हे क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावेत.

एका गोष्टीने मात्र घाबरू नये. रात्री झोपेत श्वास काही सेकंद थांबल्यासारखा होऊन पुन्हा जोराने सुरू होणे, हे उंचीवर अनेकांना होते. दिवसा माणूस ताजातवाना असेल, तर ते आजाराचे लक्षण नव्हे. ज्यांना घरीच झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे, त्यांनी मात्र आधी तज्ज्ञांना विचारावे.

सोबत्यांनी रोज सकाळी आणि रात्री तीन प्रश्न विचारावेत : डोके दुखते का? जेवण गेले का? लघवी नीट झाली का? उत्तरे वहीत टिपावीत. औषधे दोन वेगळ्या पिशव्यांत विभागावीत, म्हणजे एक हरवली तरी दुसरी उरते. ज्येष्ठांच्या खिशात एक कागद असावा. त्यावर नाव, रक्तगट, आजार, चालू औषधे, ॲलर्जी आणि घरचा फोन क्रमांक मराठीसोबत हिंदीतही लिहिलेला असावा.

परत फिरण्याचा निर्णय घरीच घ्यावा

सर्वांत अवघड तयारी मनाची असते. आजारी वाटत असतानाही ज्येष्ठ गप्प राहतात, कारण ‘माझ्यामुळे सगळ्यांचे दर्शन चुकेल’ ही बोच त्यांना असते. मुलेही ‘आता मंदिर दोनच किलोमीटरवर आहे’ म्हणून पुढे नेत राहतात. उंचीवर विचारशक्ती मंदावते आणि भावना अनावर होतात. म्हणून हा निर्णय वाटेवर नव्हे, तर घरी बसून, सर्वांसमोर करून ठेवावा : कोणती खूण दिसली की थांबायचे, कोण सोबत खाली उतरणार, उरलेल्यांनी काय करायचे आणि अंतिम शब्द कोणाचा असेल. सोबत उतरणाऱ्याचे नाव आधी ठरलेले असले, की आईला अपराधी वाटत नाही आणि सूनबाईला किंवा मुलाला ‘आई, आता उतरू या’ असे म्हणताना संकोच होत नाही. लक्षणे सांगणे म्हणजे विघ्न आणणे नव्हे, हे ज्येष्ठांना आधीच प्रेमाने सांगून ठेवावे.

आणि ज्यांना डॉक्टरांनी उंचीवर जाण्यास मनाई केली आहे, त्यांनीही खिन्न होऊ नये. हिवाळ्यात कपाटे बंद झाली की केदारनाथांची उत्सवमूर्ती पालखीतून उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात येते आणि पुढील सहा महिने तेथे पूजा होते. उखीमठ अवघ्या १३११ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या जवळपास. बद्रीनाथांची हिवाळी पूजा पांडुकेश्वर व जोशीमठ येथे, गंगामाईची मुखब्याला आणि यमुनामाईची खरसालीला होते. यांपैकी मुखबा आणि खरसाली ही गावेही बरीच उंच असल्याने तेथे जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उखीमठ मात्र बहुतेकांच्या आवाक्यात आहे. गाडी मंदिराजवळ जाते, गर्दी कमी असते. फक्त उबदार कपडे भरपूर न्यावे लागतात.

थंडी वाढली की देवही दरवर्षी खाली उतरतात, अशी ही परंपरा आहे. मग आपल्या आईवडिलांना श्वास कमी पडू लागल्यावर चार पावले खाली उतरण्यात कमीपणा कसला?